क्लस्टर जॉइंटच्या कोपऱ्यात टॉर्च फटफटतो आणि ट्यूबला भोक पडतं, सारखं होत असेल तर आधी हे बघा

लक्षण साधारण असं असतं. टेबलावर दोन ट्यूब ठेवून टी जॉइंट मारला की छान होतो, पडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं डबकं, हातात राहतं, वेल्डवर एकसारख्या लहरी उमटतात. पण विमानाच्या फ्युजलाजचा, म्हणजे धडाच्या सांगाड्याचा, खरा जॉइंट घेतला, म्हणजे खाली लाँजेरॉन (धडाच्या लांबीभर जाणारी मुख्य ट्यूब), त्यावर एक उभी ट्यूब, तिच्याच बुडाशी येऊन टेकणारी एक तिरकी ट्यूब आणि बाजूने क्रॉस ट्यूब, असा तीन-चार ट्यूबचा गुच्छ, म्हणजेच क्लस्टर, की त्या उभ्या आणि तिरक्या ट्यूबच्या मधल्या चिंचोळ्या कोपऱ्यात टॉर्च नेल्या नेल्या फट्ट. पडल उडून जातं, वितळलेल्या लोखंडाचे थेंब इकडे तिकडे, आणि ट्यूबच्या कडेला मटाराएवढं भोक. ते भरायला जावं तर परत फट्ट, भोक मोठं. मग माणूस म्हणतो माझा हात स्थिर नाही, मला गॅस वेल्डिंग जमायचं नाही, टिग मशीन (विजेच्या आर्कने वेल्ड करणारं) घेऊया.

टिग घ्यायचं तर जरूर घ्या, चांगलंच आहे, पण हातात दोष आहे म्हणून घेऊ नका. इथे हात क्वचितच दोषी असतो. हे भोक पडतं ते जास्त गॅसमुळे नाही, बहुतेक वेळा कमी गॅसमुळे पडतं. ऐकायला उलटं वाटेल, पण हा लेख लिहायचं कारणच हे आहे, कारण याच्या उलट सल्ला सगळीकडे मिळतो.

अलीकडेच एकाला हे समजावत होतो. नाशिककडे आयटीआयला वेल्डर ट्रेड केलेला मुलगा, आता इकडे मिशिगनला नोकरी, आणि शनिवार-रविवार एकाच्या गॅरेजमध्ये दोन सीटच्या हाय-विंग विमानाचं फ्युजलाज बांधायला मदत करतोय. जाड पत्र्यावर त्याचा हात आमच्यापेक्षा कितीतरी चांगला. म्हणाला, "दादा, ट्यूब पातळ आहे म्हणून गॅस एकदम बारीक ठेवलाय, तरी जळतेय." म्हटलं बारीक ठेवलायस म्हणूनच जळतेय रे. त्याला पटलं नाही, मग करून दाखवलं तेव्हा पटलं.

आधी माल काय आहे ते. होमबिल्ट, म्हणजे घरी बांधलेल्या, विमानात वापरतात ती ४१३० क्रोमोली ट्यूब, म्हणजे साधारण ०.३० टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम, सीमलेस (बिनजोडाची), नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेल्या) कंडिशनमध्ये येते. भिंतीची जाडी बहुतेक ठिकाणी ०.०३५ इंच, म्हणजे ०.८९ मिलिमीटर, जिथे जोर जास्त तिथे ०.०४९, म्हणजे १.२४ मिमी. एवढ्या पातळ भिंतीला चूक पचवायची ताकद फार नसते, हे खरं. पण याच पद्धतीने शंभर वर्षांपासून विमानं बांधली जातायत. फोकरच्या कारखान्यात राइनहोल्ड प्लाट्झ हा माणूस वेल्डर म्हणून आला होता, आणि पहिल्या महायुद्धातल्या फोकर डीआर-वन आणि डी-सेव्हनची फ्युजलाजं गॅसने वेल्ड केलेल्या स्टील ट्यूबचीच होती. तेव्हा ना टिग होतं ना आजच्यासारखे बारीक टॉर्च. त्यामुळे गॅसने हे होत नाही असं कोणी सांगितलं तर सोडून द्या.

आता फट्ट का होतं ते नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरून आपोआप कळतं. टॉर्चच्या टोकाला लावलेल्या टिपच्या भोकातून ऑक्सिजन आणि असिटिलीनचं मिश्रण बाहेर येतं आणि फ्लेम त्या मिश्रणात मागच्या दिशेने जळत येत असते. मिश्रण बाहेर येण्याचा वेग जळण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तोवर फ्लेम टिपच्या तोंडावर टिकते. वेग कमी पडला की फ्लेम भोकातून आत शिरते आणि आतलं मिश्रण फटकन पेटतं, हाच तो आवाज. असं दोन कारणांनी होतं, एक तर तुम्ही व्हॉल्व्ह बारीक केलेत, किंवा टिप इतकी तापली की आतलं मिश्रण बाहेर यायच्या आधीच पेटायला लागलं. चिंचोळ्या कोपऱ्यात ही दोन्ही कारणं एकत्र येतात. कोपरा म्हणजे तिन्ही बाजूंनी बंद खोबण, फ्लेम आत गेली की बाहेर पडायला वाट नाही, ती ट्यूबवर आपटून परत टिपवरच येते, टिप तापते. त्यात तुम्ही घाबरून गॅस बारीक केलेला. आणि फट्ट झालं की त्या फुंकरीने पडल उडतं, भोक पडतं. भोक पडलं म्हणून माणूस गॅस आणखी बारीक करतो. मग आणखी फट्ट. या चक्रात एकदा सापडलं की कितीही प्रॅक्टिस करा, सुटका नाही.

म्हणून पहिली तपासणी टिपची आणि प्रेशरची. टिपचे नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे दुसऱ्याचा नंबर ऐकून टिप घेऊ नका, भोकाचं माप बघा. ०.०३५ च्या ट्यूबला साधारण ०.०२८ इंच भोकाची टिप, म्हणजे ७० नंबरच्या ड्रिलचं माप, ०.७ मिमी. ०.०४९ ला किंवा जिथे तीन-चार ट्यूब मिळून बराच माल आहे तिथे ०.०३५ इंच भोक, म्हणजे ६५ नंबर ड्रिल. व्हिक्टर कंपनीच्या टिप वापरत असाल तर हे डबल झिरो आणि झिरो नंबर झाले. रेग्युलेटरवर दोन्ही गॅस ३ ते ५ पीएसआय, आपल्याकडच्या मापात चौरस सेंटीमीटरला ०.२ ते ०.३५ किलो. हे प्रेशर टॉर्चचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, गॅस वाहत असताना बघायचं. व्हॉल्व्ह बंद असताना काटा ५ दाखवतो आणि उघडला की २ वर येतो, असं खूप ठिकाणी असतं आणि कोणी बघत नाही. अर्थात वाहता गॅस म्हणजे गॅरेज उघडं, जवळ आग-ठिणगी नाही, आणि एका वेळी एकच गॅस, दोनचार सेकंद. असिटिलीन काही झालं तरी १५ पीएसआयच्या वर न्यायचं नाही, त्याच्यावर तो स्वतःच फुटू शकतो, आणि सिलिंडर कायम उभाच, आडवा ठेवला तर आतलं अॅसिटोन बाहेर येतं.

मग फ्लेम लावायची पद्धत. बरेच जण थोडासा असिटिलीन उघडून पेटवतात, लगेच ऑक्सिजन देतात आणि छोटीशी गोंडस फ्लेम बनवतात. तीच गडबड. आधी नुसता असिटिलीन पेटवा आणि वाढवत जा, काजळी जायला हवी, आणि फ्लेम टिपच्या तोंडापासून सुटून वर तरंगायच्या बेतात यायला हवी. तिथून किंचित कमी करा, परत तोंडाला टेकेल इतकंच. हा त्या टिपचा खरा फ्लो. आता ऑक्सिजन हळूहळू द्या, आतल्या पांढऱ्या शंकूभोवतीची पिसासारखी फिकट झालर आखडत शंकूत मिसळते तोपर्यंत. झालर संपली की थांबा, ती न्यूट्रल फ्लेम. मी स्वतः झालरीचा अगदी जेमतेम अंश ठेवतो, कारण काम करता करता फ्लेम जराशी सरकतेच, आणि सरकायचीच तर ऑक्सिजनच्या बाजूला सरकलेली नको. ऑक्सिजन जास्त झाला तर शंकू टोकदार आणि आखूड होतो, सूं सूं आवाज कर्कश होतो, आणि पडलमधून ठिणग्या उडून फेस आल्यासारखं दिसतं. तो वेल्ड जळका, ठेवायचा नाही.

ही फ्लेम पाहिली की नवीन माणूस म्हणतो एवढी मोठी फ्लेम या ०.९ मिमीच्या ट्यूबवर? हो. फ्लेम मोठी वाटली तर लहान भोकाची टिप लावा, पण मोठी टिप लावून व्हॉल्व्हने तिचा गळा दाबू नका. आणि उष्णता कमी-जास्त करायची ती व्हॉल्व्हने नाही, अंतराने आणि हाताच्या वेगाने. पडल वाहायला लागलंसं वाटलं की टॉर्च अर्धा-पाऊण इंच मागे उचला, क्षणभर थांबा, परत आणा.

टिप घाण असेल तरी हेच सगळं होतं. शंकू वाकडा, दुभंगलेला किंवा केसाळ दिसला की टिप क्लीनरची योग्य मापाची तार सरळ आत-बाहेर करायची, कानशीसारखी घासायची नाही, नाहीतर भोक मोठं होतं आणि मग ती टिप त्या नंबरची राहत नाही. टिप ढिली असेल तर तेही बघा, सीटवर गॅस लीक होतो आणि फटफट थांबत नाही.

इथपर्यंत तपासून झालं आणि तरी फक्त कोपऱ्यातच होत असेल, तर आता फिट-अप, म्हणजे ट्यूब एकमेकींवर कितपत नीट बसल्यात ते, बघायची. आणि खरं सांगायचं तर अशा उरलेल्या भोकांपैकी अर्ध्याहून जास्त इथेच जन्माला येतात, टॉर्च पेटायच्या आधी. ट्यूबचं तोंड फिशमाऊथ, म्हणजे दुसऱ्या ट्यूबच्या गोलाईवर बसेल असं माशाच्या तोंडासारखं, कापताना दोन बाजूंना जी टोकं येतात ती ग्राइंडरवर ब्लेडसारखी पातळ होतात. ट्यूब लाँजेरॉनवर ठेवली तर फिटिंग वरून झकास दिसतं, पण त्या टोकाची जाडी ०.०३५ नाही, ०.०१० च असते, ते फ्लेम जवळ यायच्या आधीच वितळून मागे पळतं. अशी पातळ जीभ कानशीने मागे घ्यायची, कड पूर्ण जाडीची दिसेपर्यंत. त्याने फट थोडी वाढली तरी चालेल. फट किती चालते? माझ्या मते रॉडच्या (वेल्डमध्ये भरायच्या १.६ मिमी सळीच्या) निम्म्या जाडीपर्यंत, म्हणजे पाऊण मिलिमीटर, ठीक आहे. त्याच्यावर गेलात तर तुम्ही वेल्ड नाही, पूल बांधताय, आणि पातळ ट्यूबवर पूल बांधताना दोन्ही काठ जळतात. ट्यूब परत कापा. एक ट्यूब वाया गेली तर काही डॉलर जातात, जॉइंट वाया गेला तर लाँजेरॉन कापायची वेळ येते.

सफाई विसरू नका. ट्यूबला कारखान्याचं तेल असतं, वरून काळसर स्केल (ऑक्साइडचा पापुद्रा). जॉइंटच्या दोन्ही बाजूला इंचभर एमरीने घासून चकचकीत करा, नुसतं बाहेरून नाही, ट्यूबच्या तोंडाच्या आतूनही, आणि मग अॅसिटोनने पुसून पूर्ण सुकू द्या, अॅसिटोनचा डबा आणि फडकं टॉर्चपासून लांब. ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर क्लोरीनवाला अजिबात नको, तापला की विषारी वायू होतो, यात तडजोड नाही.

आता कोपऱ्यातलं प्रत्यक्ष काम. समजा एक इंची लाँजेरॉन, त्यावर पाऊण इंची उभी ट्यूब, आणि साधारण ४० अंशाने येणारी पाऊण इंची तिरकी. सगळ्यांना आधी टाके मारून घ्या, प्रत्येक ट्यूबला तीन-चार ठिकाणी, आणि टाका म्हणजे नुसता चिकटवलेला थेंब नाही, छोटासा पण पूर्ण वितळलेला वेल्ड हवा, नाहीतर पुढे वेल्ड करताना तो तडकतो आणि ट्यूब सरकते. ऐन कोपऱ्याच्या खोबणीत टाका मारू नका, ती जागा मोकळी राहू द्या.

सुरुवात कोपऱ्यातूनच करायची आणि बाहेर यायचं. मोकळ्या बाजूने वेल्ड करत करत कोपऱ्यात शिरलात तर तिथे पोचेपर्यंत सगळ्या ट्यूब लाल, टिप तापलेली, रॉड आखूड झालेला, आणि सगळ्यात अवघड काम सगळ्यात वाईट वेळी. कोपऱ्यातून निघालात तर ट्यूब अजून थंड आहेत, टिप थंड आहे, आणि प्रत्येक पावलाला जागा मोकळी होत जाते.

टॉर्चचं तोंड खोबणीच्या नाकाडात सरळ खुपसू नका, तिथेच फ्लेम उलटून टिपवर येते. खोबणीच्या लांबीला समांतर धरा, म्हणजे फ्लेम एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल. आतल्या शंकूचं टोक पडलपासून २-३ मिमीवर. शंकू पडलमध्ये बुडला किंवा टिप कुठे टेकली तर फट्ट होणारच. शंकूचं तोंड आधी लाँजेरॉनकडे, कारण ती सलग आहे, दोन्हीकडे उष्णता वाहून नेते, तिला तापायला वेळ लागतो. ट्यूबच्या कापलेल्या कडेला उष्णता पळायला एकच बाजू, ती झटकन वितळते. म्हणून लाँजेरॉनवर पडल तयार होऊ द्या, कड नुसती फ्लेमच्या बाहेरच्या झोतात तापत राहील, आणि लाँजेरॉनचं पडल चमकायला लागलं की टॉर्च किंचित वर वळवून कडेला स्पर्श करायचा आणि त्याच क्षणी रॉड टेकवायचा. रॉड लवकर टेकवायचा, उशिरा नाही. रॉडचा थंड माल पडलमधली उष्णता ओढून घेतो, त्याचं अर्धं काम तेच आहे. नवीन माणूस आधी भोक पडतंय का बघतो, मग रॉड देतो, तोवर गाडी गेलेली असते.

रॉड कोणता यावरही वाद घालणारे खूप भेटतील. मी साधा लो-कार्बनचा गॅस रॉड वापरतो, आरजी-४५, एक सोळांश इंच म्हणजे १.६ मिमी जाड. जास्त ताकद हवी म्हणून ४१३० चाच रॉड घालणारे आहेत, पण नंतर हीट ट्रीटमेंट करणार नसाल तर त्याचा फायदा नाही, उलट वेल्ड कडक होऊन तडकायची भीती. लो-कार्बन रॉडचा वेल्ड ट्यूबमधून थोडं क्रोमियम-कार्बन उचलतोच, आणि नरम राहतो, ते बरं. रॉडचं मागचं टोक वाकवून हूक करून ठेवा. डोळ्याजवळ सळीचं उघडं टोक नाचत असतं आणि गॉगलमधून ते दिसत नाही. कोपऱ्यात पोचायला रॉडचं पुढचं टोकही जरा वाकवून घेतलं तर हात फ्लेमच्या बाहेर राहतो.

दोन-तीन सेंटीमीटर वेल्ड झाला की थांबा, टिप तापली असेल. असिटिलीन बंद, ऑक्सिजन किंचित चालू ठेवून टिप पाण्यात बुडवायची, ऑक्सिजन चालू असल्यामुळे पाणी आत जात नाही. मग परत पेटवा. बाजूला पाण्याचा डबा ठेवायची सवय लागली की निम्मी फटफट जाते. पण एक फरक लक्षात ठेवा, एखाददुसरं फट्ट होऊन फ्लेम परत लागते किंवा विझते ते बॅकफायर. फट्ट होऊन फ्लेम गायब आणि टॉर्चच्या दांड्यातून शिट्टीसारखा किरकिर आवाज, दांडा गरम, टोकातून काळा धूर, हे फ्लॅशबॅक, म्हणजे फ्लेम टॉर्चच्या आत जळतेय. तिथे विचार करत बसू नका, ताबडतोब ऑक्सिजन बंद, लगेच असिटिलीन बंद, सिलिंडर बंद, आणि टॉर्च-होज तपासल्याशिवाय परत पेटवायचं नाही. रेग्युलेटरवर फ्लॅशबॅक अरेस्टर (आग मागे जाऊ न देणारा) आणि टॉर्चच्या बाजूला चेक व्हॉल्व्ह (गॅस उलटा जाऊ न देणारे) नसतील तर कोपऱ्यातलं काम सुरूच करू नका. ज्या कामात टिप तापते त्याच कामात हे होतं.

दुसरं एक भोक असतं, त्याचं कारण पूर्ण वेगळं, आणि लोक दोन्ही एकच समजतात. जॉइंट भोवतीने सगळा छान झाला, कुठे फट्ट नाही, आणि शेवटचा अर्धा सेंटीमीटर बंद करताना पडलमधून बुडबुडा फुटतो, सुईएवढं भोक राहतं. भरलं की परत शेजारी फुटतं. टॉर्चचा आवाज मात्र शांत असतो, यावरून ओळखायचं. इथे दोष ट्यूबमधल्या हवेचा. ट्यूबचं दुसरं टोक आधीच वेल्ड झालंय, आतली हवा कोंडलेली, आणि ती तापतेय. आतली हवा सरासरी ३०० केल्विनवरून नुसती ४५० वर गेली तरी दाब दीडपट होतो, आणि वितळलेल्या लोखंडाच्या पातळ पापुद्र्याला तो कसला पेलवतोय. उलटही होतं, टॉर्च काढला की हवा आकसते आणि अर्धवट घट्ट झालेला वेल्ड आत खेचला जाऊन खड्डा पडतो.

याला वेल्डिंगचं कौशल्य कामाचं नाही, हवेला वाट द्यावी लागते. टाके मारायच्या आधी, लाँजेरॉनच्या भिंतीत, जिथे उभ्या ट्यूबचं तोंड बसणार त्याच्या बरोबर आत, अडीच मिमीचं एक भोक ड्रिल करायचं. मग उभ्या ट्यूबची हवा लाँजेरॉनमध्ये जाते, आणि लाँजेरॉनचं एक टोक शेवटपर्यंत उघडं ठेवायचं. प्लॅनमध्ये हे दाखवलेलं असेल तर तसंच करा, नसेल तर डिझायनरला विचारा. या भोकांचा आणखी एक उपयोग आहे, शेवटी जवसाचं उकळलेलं तेल ट्यूबमध्ये ओतून फिरवतात आणि निथळून काढतात, आतून गंज लागू नये म्हणून, ते तेल सगळ्या ट्यूबमध्ये जायला हीच वाट. तेल नंतर, सगळं वेल्डिंग संपल्यावर. आधी ओतलंत तर एकही जॉइंट स्वच्छ होणार नाही. आता वेळ निघून गेली असेल, ट्यूब दोन्हीकडून बसली असेल, तर त्या ट्यूबला जॉइंटपासून लांब कुठेतरी बारीक भोक पाडा, जॉइंट पूर्ण करा, थंड होऊ द्या, आणि मग ते भोक ड्राइव्ह स्क्रूने (ठोकून बसवायच्या स्क्रूने) किंवा एका झटपट टिपक्याने बंद करा.

भोक आधीच पडलंय, ते भरायचं कसं, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. सगळ्यात आधी टॉर्च बाजूला करा आणि लाली पूर्ण जाऊ द्या. तापलेल्या भोकाच्या मागे लागलात की ते पुढे पळतं. थंड झाल्यावर काठ बघा, जळून खरबरीत, करड्या पापुद्र्याचा झाला असेल तर कानशीने स्वच्छ धातूपर्यंत या. मग भोकाच्या जाड बाजूला, म्हणजे लाँजेरॉनच्या किंवा आधीच्या वेल्डच्या काठावर, छोटं पडल करा, रॉडचा एक थेंब, टॉर्च लगेच उचला. थेंब घट्ट झाला, त्याच्या पुढच्या काठावर पुढचा थेंब. असा काठ एकेका थेंबाने आत आणत जायचा. शेवटी तांदळाच्या दाण्याएवढं उरलं की एक जरा मोठा थेंब, आणि मग पूर्ण जागेवरून एकदाच टॉर्च फिरवून सगळं एकजीव करायचं. यात घाई केली की पहिल्यापासून. आणि भोक तुमच्या ट्यूबच्या व्यासाच्या चौथ्या भागाएवढं झालं असेल तर भरू नका, ती ट्यूब काढा. एवढा नुसता वेल्डचा माल ट्यूबच्या जागी बसवून उपयोग नाही.

टेकाडं राहिली म्हणून कानशीने घासून गुळगुळीत करायचा मोह होतो. नको. अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक खात्याच्या ४३.१३ या दुरुस्तीच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे की वेल्ड सुंदर दिसावा म्हणून घासायचा नाही, त्याने ताकद जाते, आणि सोल्डर किंवा पितळेने खड्डे भरायचे नाहीत. पितळ एकदा गेलं की त्या जागी परत स्टीलचा वेल्ड होत नाही, ती जागा कायमची बाद. चांगल्या वेल्डची ओळखही तिथे दिली आहे, रुंदी एकसारखी, काठ हळूहळू ट्यूबमध्ये विरलेले, कुठे बुडबुडे-थेंब नाहीत, आणि वेल्डपासून अर्ध्या इंचाच्या पलीकडे ट्यूबवर ऑक्साइडचा थर नाही. तो थर लांबवर पसरला असेल तर समजायचं की तुम्ही फार वेळ रेंगाळलात.

आता भेगा. भोक नाही, फट्ट नाही, वेल्ड देखणा, आणि दुसऱ्या दिवशी वेल्डच्या काठाला लागून केसाएवढी रेघ. हे बहुतेक तीन कारणांनी. एक, ४१३० लालभडक असताना फार कमजोर असते, आणि जिगमध्ये तुम्ही दोन्ही टोकं करकचून आवळलेली, ट्यूब थंड होताना आकसते, सरकायला जागा नाही, मग तडकते. जिगचं काम ट्यूब जागेवर ठेवायचं, कैद करायचं नाही. टाके झाले की एका बाजूचे क्लॅम्प ढिले करा आणि बांधलेल्या टोकाकडून मोकळ्या टोकाकडे वेल्ड करत जा. दोन, वाऱ्याची झुळूक. या प्रकारचं स्टील साधारण ८०० अंश सेल्सियसच्या वर गेलं आणि झटकन थंड झालं की ठिसूळ होतं. गॅसचा फायदाच हा की तो आजूबाजूची बरीच ट्यूब तापवतो आणि सगळं सावकाश थंड होतं. तुम्ही पंखा लावलात, किंवा इकडच्या जानेवारीत गॅरेजचं दार उघडलंत, की तो फायदा गेला. पाणी मारायचा तर विचारही नको. तीन, वेल्ड संपवताना टॉर्च एकदम उचलला, शेवटच्या खड्ड्यात ताऱ्यासारखी भेग पडते. शेवटी खड्डा रॉडने भरा, आणि टॉर्च हळूहळू लांब नेत जॉइंटभोवती फिरवत राहा, लाली मंद होऊन जाईपर्यंत.

जॉइंट पूर्ण झाल्यावर स्ट्रेस रिलीफ (आत राहिलेले ताण घालवायला परत तापवणं) करायचं का, यावर दोन तट आहेत. ०.०३५ आणि ०.०४९ ला गॅसने केलेल्या वेल्डला वेगळं काही लागत नाही असं बरेच अनुभवी लोक म्हणतात, आणि साध्या जॉइंटला मीही करत नाही. पण चार-पाच ट्यूबचा क्लस्टर, जिथे एक बाजू थंड होऊन दुसरी तापत राहते, तिथे मी सगळं झाल्यावर मोठ्या मऊ फ्लेमने पूर्ण क्लस्टर एकसारखा तापवतो, अंधाऱ्या गॅरेजमध्ये जेमतेम दिसेल अशी लाली, ६०० ते ६५० अंश, आणि मग स्थिर हवेत सोडून देतो. नजरेवर भरवसा नसेल तर ११५० फॅरनहाइटचा तापमानाचा खडू मिळतो, तो वितळला की थांबायचं.

भेग सापडली तर तिच्यावरून टॉर्च फिरवून ती बुजवायची नाही. वरून बुजते, आत तशीच राहते. तिथला जुना वेल्ड काढून टाका, डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून भेग कुठपर्यंत गेलीय बघा, आणि ती ट्यूबच्या भिंतीत शिरली असेल तर ती ट्यूब बदला.

प्रॅक्टिस करणार असाल तर सपाट पत्र्यावर वेळ घालवू नका. स्क्रॅप ट्यूबचे तुकडे घ्या, तुमच्या प्लॅनमधलाच सगळ्यात वाईट क्लस्टर, त्याच कोनात, तसाच टेबलावर बांधा, वेल्ड करा आणि हॅकसॉने उभा कापा. आत बघा. मुळापर्यंत माल वितळलाय का, की वरून चढवलाय आणि आत ट्यूबची कड तशीच धारदार दिसतेय? एक तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा, वेल्डच्या बाहेर ट्यूब वाकली पाहिजे, वेल्डच्या काठाला फाटता कामा नये. जुलैमध्ये विस्कॉन्सिनला ओशकोशच्या एअरव्हेंचर या विमानांच्या मेळ्याला जाणं जमलं तर तिथे गॅस वेल्डिंगचा वर्कशॉप असतो, शेजारी उभं राहून कोणीतरी हात धरून दाखवतं, त्याची सर कशालाच नाही.

अमेरिकेत होमबिल्टसाठी वेल्डरचं सर्टिफिकेट कोणी मागत नाही, म्हणूनच प्रायमर मारायच्या आधी ईएए या होमबिल्टवाल्यांच्या संघटनेच्या टेक्निकल कौन्सेलरला बोलवा. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत, आणि भिंग-आरसा घेऊन नेमक्या त्याच कोपऱ्यात डोकावतात जिथे आपण डोकावायचं टाळतो. ज्या ज्या कोपऱ्यात फट्ट झालं किंवा भोक भरलं, तिथे तेव्हाच खडूने खूण करून ठेवा आणि त्यांना आधी तेच जॉइंट दाखवा.